बाजार बघून नव्हे, निवृत्तीची तारीख बघून एनपीएस हलवा

वाचकाचं पत्र: वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सुपरवायझर आहे. वय ५४, चार वर्षांनी ५८ व्या वर्षी निवृत्त होईन. कंपनीमार्फत एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आहे. टिअर वनमध्ये, म्हणजे पेन्शनच्या मुख्य खात्यात, ३२ लाख जमलेत. ॲक्टिव्ह चॉइसमध्ये, म्हणजे प्रमाण स्वतः ठरवायच्या पर्यायात, ई (शेअर) ७५, सी (कंपन्यांचे रोखे) १० आणि जी (सरकारी रोखे) १५ टक्के ठेवलंय. पीएफमध्ये २१ लाख, बँकेत ४ लाख आणि गावाकडच्या पतसंस्थेत ५ लाखांची ठेव आहे. घरखर्च महिना ३५ हजार. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला तेव्हा घाबरलो आणि एप्रिलच्या सुरुवातीला ई मधले साडेसहा लाख जी मध्ये टाकले. जानेवारी २०२१ मध्ये परत ई मध्ये आलो. महिन्याचे ९ हजार मात्र एकदाही चुकवले नाहीत, त्यामुळे पडत्या भावात खरेदी झाली असेल असं धरून चाललोय. आता पुन्हा तशीच धाकधूक सुरू झाली आहे. मित्राने टेलिग्रामवरचा एक ग्रुप सुचवलाय, वर्षाला १२ हजार फी. निफ्टी २०० दिवसांच्या सरासरीखाली गेला की सगळं जी मध्ये आणि वर आला की सगळं ई मध्ये, असे त्यांचे मेसेज येतात. वर्षातून चार वेळा बदल करता येतो, करही लागत नाही, मग हरकत काय? की बाजार इतका वर आहे तर आत्ताच सगळं जी मध्ये टाकून चार वर्षं शांत बसू?

उत्तर:

ग्रुपची फी भरू नका आणि सगळं जी मध्येही टाकू नका. पण ई ७५ टक्क्यांवर तसाच ठेवून ५८ व्या वर्षापर्यंत जाणंही बरोबर नाही, आणि तुमची धाकधूक खरं तर तिथून येते आहे. ती खोटी नाही. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना मोठी घसरण झाली तर भरून काढायला पगार आणि वेळ दोन्ही कमी असतात. त्यामुळे ई कमी करायलाच हवा. मात्र तो कधी आणि किती कमी करायचा, हे निफ्टीकडे बघून ठरवायचं नाही.

आधी २०२० चा हिशोब पूर्ण करू, कारण तो तुम्ही अर्धाच मांडला आहे. २३ मार्च २०२० ला निफ्टी ७,६१० वर बंद झाला. एप्रिलच्या सुरुवातीला, तुम्ही बाहेर पडलात तेव्हा, तो ८,२०० च्या आसपास होता. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला तो १४,००० वर पोचला होता. म्हणजे तुम्ही बाहेर असतानाच बाजार साधारण ७० टक्के वर गेला. एनपीएसचा ई फंड निफ्टीच्या पावलावर तंतोतंत चालत नाही, पण त्यात बहुतेक मोठ्या कंपन्याच असल्याने अंदाजाला हे आकडे पुरेसे आहेत. साडेसहा लाख जागेवर राहिले असते तर ते ११ लाखांच्या आसपास गेले असते. जी ने दिलेलं व्याज वजा केलं तरी चार लाखांच्या आसपास फरक पडतो. पुढे २०२५ मध्ये निफ्टी २५,००० वर गेला, म्हणजे हुकलेले चार लाखही त्या मापाने वाढून सातच्या घरात गेले असते.

दुसरी गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. एनपीएसमध्ये स्कीम प्रेफरन्स (ई, सी, जी चं प्रमाण) बदलला की जमलेली रक्कम तर हलतेच, पण त्यानंतर येणारा प्रत्येक हप्ताही नव्या प्रमाणातच गुंतवला जातो. तुम्ही ई शून्यावर नेलात, तेव्हापासून जानेवारीपर्यंतचे नऊ हप्ते, म्हणजे ८१ हजार रुपये, जी मध्ये गेले. स्वस्तातली खरेदी झालीच नाही. स्टेटमेंट काढून २०२०-२१ चे व्यवहार पाहा, कुठल्या महिन्यात कुठल्या फंडाची किती युनिट मिळाली ते ओळीने लिहिलेलं असतं. बाहेर पडल्याचं नुकसान सगळे मोजतात, या हप्त्यांचं सहसा कोणी मोजत नाही.

हे तुम्हाला टोचायला लिहिलेलं नाही. मार्च २०२० मध्ये गावंच्या गावं बंद होती आणि कारखाना पुन्हा कधी सुरू होईल हे कोणालाच माहीत नव्हतं. त्या आठवड्यात घाबरणं साहजिक होतं. म्हणूनच असा निर्णय भीतीच्या आठवड्यात घ्यावा लागू नये, अशी व्यवस्था आधी करून ठेवायची असते.

आता मूळ प्रश्न. गावाकडे सोयाबीन घरात ठेवणारा शेतकरी भावाची वाट बघतो, तेव्हा त्याला एकच निर्णय घ्यायचा असतो, कधी विकायचं. तो एक निर्णयही किती अवघड आहे, हे मराठवाड्यात कोणाला सांगायची गरज नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या आडतीवर सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या आसपास गेलं होतं आणि नवा माल येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. त्या १० हजारांच्या आठवणीवर पुढची दोन वर्षं कित्येकांनी माल धरून ठेवला, तो भाव पुन्हा आला नाही. तुम्हाला तर दोन निर्णय घ्यायचे आहेत, बाहेर कधी पडायचं आणि परत कधी शिरायचं. दोन्ही बरोबर आले तरच फायदा होतो. समजा तुमचा अंदाज दहापैकी सहा वेळा बरोबर येतो, जो भल्याभल्यांचाही येत नाही. तरी दोन्ही अंदाज लागोपाठ बरोबर येण्याची शक्यता ०.६ गुणिले ०.६, म्हणजे शंभरात ३६ एवढीच. उरलेल्या ६४ वेळा कुठे ना कुठे चूक होते.

आणि दुसरा निर्णय पहिल्याहून कठीण असतो. पडताना विकायला भीतीच ढकलते, पण परत घ्यायला कोणी ढकलत नाही. बाजार थोडा वर आला की वाटतं, पुन्हा पडेल तेव्हा घेऊ. आणखी वर गेला की वाटतं, आता फार महाग झाला. तुम्ही नऊ महिने थांबलात, त्याचं कारण हेच असणार.

ग्रुपच्या २०० दिवसांच्या सरासरीकडे येऊ. ही काही भोंदूगिरी नाही, जुनं आणि सर्वांना माहीत असलेलं मोजमाप आहे. मागच्या २०० व्यवहारदिवसांच्या बंद भावांची सरासरी काढायची, भाव तिच्याखाली गेला की बाहेर, वर आला की आत. २००८ सारख्या लांब आणि सलग घसरणीत ती खरंच उपयोगी पडली. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांजवळ होता आणि ९ मार्च २००९ ला ८,१६० वर आला. ही रीत पाळणारा त्या घसरणीचा मोठा भाग टाळू शकला असता. फी घेणारे ग्रुप नेहमी हाच आलेख दाखवतात.

२०२० चा आलेख मात्र ते दाखवणार नाहीत. तेव्हा निफ्टी फेब्रुवारीच्या अखेरीस साधारण ११,५०० च्या आसपास सरासरीखाली गेला आणि जुलैमध्ये ११,००० च्या आसपास पुन्हा वर आला. इतकी भयंकर घसरण होऊनही विकणं आणि परत घेणं यांत जेमतेम चार-पाच टक्क्यांचं अंतर उरलं. सरासरी मागचे २०० दिवस बघते, त्यामुळे ती वळते उशिरा. घसरण झपाट्याने होऊन सावरलीही झपाट्याने, तर ती दोन्हीकडे उशिरा पोचते.

खरा त्रास होतो तो बाजार आडवा चालला की. २०२४ चं उदाहरण घ्या. नोव्हेंबरच्या मध्याला निफ्टी २३,५०० च्या आसपास सरासरीखाली गेला. महिना संपता संपता २४,००० च्या वर आला. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात २३,६०० च्या आसपास पुन्हा खाली. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात एकदा वर आणि लगेच खाली. मग एप्रिल २०२५ मध्ये २४,१०० च्या आसपास वर. प्रत्येक फेरीत साडेतेवीस हजारांच्या आसपास विकायचं आणि चोवीस हजारांच्या वर घ्यायचं, म्हणजे दर फेरीला दोन-अडीच टक्के हातचे जातात. शिवाय तुमचे आर्थिक वर्षाचे चार बदल जानेवारीतच संपले असते. चौथ्या बदलानंतर तुम्ही ज्या बाजूला असाल तिथेच एक एप्रिलपर्यंत अडकलात. तेव्हा ग्रुपचा मेसेज येईल, पण तो पाळता येणार नाही.

यात एनपीएसची स्वतःची गतीही धरा. एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, दिवसातून एकदाच, बाजार बंद झाल्यावर ठरते. अर्ज केला त्या क्षणीचा भाव कधीच मिळत नाही. आधी जुनी युनिट विकली जातात, पैसे आले की नवी घेतली जातात, आणि यात काही कामाचे दिवस जातात. ४ जून २०२४ आठवा. लोकसभेच्या निकालाच्या दिवशी सेन्सेक्स ४,३९० अंकांनी पडून ७२,०७९ वर बंद झाला. तीनच दिवसांनी, ७ जूनला, तो ७६,६९३ वर होता, आदल्या उच्चांकाच्याही वर. चार तारखेच्या रात्री ज्यांनी घाबरून अर्ज टाकला असेल, त्यांची विक्री होऊन नवी युनिट खात्यात येईपर्यंत बाजार भरून निघाला होता. मोठ्या पडझडीचे आणि मोठ्या उसळीचे दिवस बहुतेक वेळा शेजारीशेजारी येतात. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स १३ टक्के पडला आणि ७ एप्रिलला जवळजवळ ९ टक्के वर गेला, मध्ये फक्त पंधरवडा. एक चुकवून दुसरा पकडायला एनपीएसचं यंत्र बनलेलंच नाही.

कर लागत नाही हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. म्युच्युअल फंडात अशी अदलाबदल केली तर ती विक्री धरली जाते आणि इक्विटी फंडात वर्षाला सव्वा लाखापुढच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर बसतो. एनपीएसमध्ये काहीच नाही. ही सवलत मोठी आहे. तिचा उपयोग वर्षातून एकदा प्रमाण जागेवर आणायला करायचा, आत-बाहेर करायला नाही.

मग आत्ताच सगळं जी मध्ये? “बाजार फार वर आहे” हे कारण टिकत नाही. जानेवारी २०२० मध्ये निफ्टीचा विक्रम १२,३६२ होता. नोव्हेंबर २०२० मध्ये तो ओलांडला गेला, तेव्हाही बाजार इतिहासातल्या सर्वांत उंच जागी होता आणि वर्तमानपत्रांत तेच छापून येत होतं. त्या दिवशी “आता पडेल” म्हणून बाहेर पडलेल्याला तो भाव पुन्हा मिळालेला नाही.

शिवाय जी म्हणजे एफडी नव्हे. त्यात सरकारी रोखे असतात, बरेचसे लांब मुदतीचे, आणि त्यांचे भाव रोज बदलतात. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांचे भाव पडतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (बँकांना कर्ज देण्याचा व्याजदर) ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा जी ची एनएव्हीही डगमगली होती. रोख्यांचा सरासरी कालावधी आठ वर्षांचा असेल तर व्याजदर एक टक्का वाढल्यावर भाव साधारण आठ टक्के उतरतो. ई च्या मानाने हा धक्का लहान आहे, पण “शांत बसू” म्हणून तिथे गेलेला माणूस उणे आकडा बघून पुन्हा अस्वस्थ होतो. आणि ५८ नंतर तुम्हाला आणखी २५ वर्षं काढायची आहेत असं धरलं पाहिजे. आज ३५ हजारांचा खर्च सहा टक्के महागाईने चार वर्षांत ४४ हजारांवर जाईल आणि नंतरही थांबणार नाही. त्या वाढीशी नुसतं जी झुंजू शकत नाही.

आता सगळी मिळकत एका कागदावर मांडा. एनपीएस ३२, पीएफ २१, बँक ४, पतसंस्था ५, एकूण ६२ लाख. त्यात ई किती? ३२ चे ७५ टक्के, म्हणजे २४ लाख. ६२ मध्ये तो ३९ टक्के होतो, ७५ नाही. ई फंड ४० टक्के पडला तर ९ लाख ६० हजार कमी होतील. एनपीएसच्या ॲपवर ३२ चे २२.४ लाख दिसतील आणि पोटात गोळा येईल, पण घराच्या एकूण पुंजीत ती घट १५ टक्क्यांच्या आसपास असेल. बहुतेक नोकरदार पीएफ हिशोबात धरतच नाहीत. २०२४-२५ साठी पीएफचा व्याजदर ८.२५ टक्के होता. दर पुढे बदलू शकतो, पण असाच राहिला तर तुमचे आजचे २१ लाख चार वर्षांत पावणे एकोणतीस लाखांच्या आसपास जातील, नवे हप्ते वेगळे. महिना ४४ हजार म्हणजे वर्षाला ५ लाख ३० हजार. म्हणजे निवृत्तीनंतरची पहिली पाच वर्षं एकटा पीएफ काढून देऊ शकतो. त्यावर ईपीएस-९५ (पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना) चं मासिक पेन्शन ५८ ला सुरू होईल, ते थोडं असलं तरी.

याचा अर्थ असा की ई मधल्या पैशाला आजपासून जवळजवळ नऊ वर्षं कोणी हात लावणार नाही. मध्ये बाजार निम्मा झाला तरी त्या दिवशी किराणा भरायला ई विकावा लागणार नाही. बाजार पडतो तेव्हा माणूस बुडतो तो बहुतेक पडण्यामुळे नव्हे, नेमकं त्याच महिन्यात विकावं लागल्यामुळे.

तरीही ७५ टक्के तुमच्या वयाला जास्त आहे. आम्ही सुचवतो ते असं. आत्ता ई ६५, सी १५, जी २०. ५५ व्या वर्षी ई ६०, सी १५, जी २५. ५६ व्या वर्षी ई ५५, सी २०, जी २५. ५७ व्या वर्षी ई ५०, सी २०, जी ३०. पहिली पायरी दहाची ठेवली आहे, कारण झोप उडालेल्या माणसाला आणखी एक वर्ष थांबा म्हणण्यात अर्थ नाही. पहिल्या पायरीनंतरचे बदल एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात करा. तारीख आजच भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. त्या आठवड्यात बाजार वर असो की खाली, टीव्हीवर कोणी काहीही म्हणो, बदल करायचाच आणि तेवढाच करायचा.

ही रीत पडत्या बाजारात आपोआप खरेदी करते, आणि ती तुम्हाला भावेल असं वाटतं. शंभर रुपयांत ई ६५ आणि बाकी ३५ धरा. ई ४० टक्के पडला तर त्याचे ३९ होतात, बाकी ३५ तसेच, एकूण ७४. ई चा वाटा उरतो ५३ टक्के. एप्रिलमध्ये तुम्ही ६० टाकलेत की जी-सी मधले साधारण साडेपाच रुपये स्वस्त झालेल्या ई मध्ये जातात. उलट ई ३० टक्के वाढला तर त्याचे साडेचौऱ्याऐंशी होतात, एकूण एकशे साडेएकोणीस, वाटा ७१ टक्के. एप्रिलमध्ये ६० केलं की नफ्यातला भाग विकून बाजूला पडतो. स्वस्तात घेणं आणि महागात विकणं हेच तो ग्रुप विकतोय. इथे ते अंदाज न बांधता, बिनपैशात होतं.

बदल करण्याची पद्धत सोपी आहे. ज्या सीआरएकडे (एनपीएस खात्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था) तुमचं खातं आहे, प्रोटिअन, केफिनटेक किंवा कॅम्स, तिच्या साइटवर बारा आकडी प्रान (एनपीएसचा खाते क्रमांक) आणि पासवर्ड टाकून आत जा. ट्रान्झॅक्ट ऑनलाइनखाली चेंज स्कीम प्रेफरन्स असा पर्याय असतो, शब्द साइटनुसार थोडे बदलतात. टिअर वन निवडा, ॲक्टिव्ह चॉइस तसाच ठेवा, आकडे भरा. बेरीज शंभर आली पाहिजे, ई ७५ च्या वर चालत नाही. ओटीपी टाकला की पावती क्रमांक येतो, तो वहीत लिहा. आठवड्याभराने स्टेटमेंट काढून नवं प्रमाण बसलं का आणि विक्री-खरेदी कुठल्या तारखेच्या एनएव्हीला झाली ते पाहा. अर्ज प्रलंबित असताना दुसरा अर्ज टाकू नका. अडचण बहुतेक दोनच ठिकाणी येते. मोबाइल नंबर जुना असतो आणि ओटीपी येतच नाही, म्हणून तो एप्रिलच्या आधी बदलून घ्या. दुसरं, काही कंपन्यांनी गुंतवणुकीची निवड स्वतःच्या हातात ठेवलेली असते. पर्याय बंद दिसला तर एचआरला विचारा.

एका सापळ्यापासून जपा. “ऑटो चॉइस करून टाका, वयाप्रमाणे आपोआप कमी होतो” असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ऑटो चॉइसमधल्या एलसी-५० या पर्यायात ३५ व्या वर्षापर्यंत ई ५० टक्के असतो आणि पुढे दरवर्षी दोन टक्क्यांनी उतरत ५५ ला १० वर येतो. तुमच्या ५४ व्या वर्षी तो १२ आहे. म्हणजे आज तो पर्याय दाबलात तर ई ७५ वरून एका फटक्यात १२ वर येईल. तुम्हाला वाटेल आपण हळूहळू उतरतोय आणि प्रत्यक्षात २०२० सारखीच उडी मारलेली असेल. ऑटोच हवं असेल तर बॅलन्स्ड लाइफ सायकल बघा, त्यात ई ४५ व्या वर्षापर्यंत ५० असतो आणि ५५ ला ३५ वर थांबतो. ऑक्टोबर २०२५ पासून शंभर टक्के इक्विटीच्या योजनाही आल्या आहेत. त्या तिशीतल्या मुलांसाठी ठीक, तुम्हाला नकोत.

ग्रुपबद्दल एवढंच. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याला सेबीची (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) नोंदणी लागते. सल्लागाराचा क्रमांक आयएनए ने सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच ने. तो मागा आणि सेबीच्या साइटवर नाव जुळतंय का पाहा. नंबर दिला नाही, किंवा फी कोणाच्या खासगी यूपीआयवर मागितली, तर तिथेच थांबा. “तुमच्या वतीने आम्हीच बदल करून देतो” म्हणून कोणी प्रानचा पासवर्ड किंवा ओटीपी मागितला, तर मित्रालाही सावध करा. आणि मनात खुमखुमी राहिलीच असेल तर एक वर्ष फुकट करून बघा. वहीत तारीख, निफ्टी आणि “आत” की “बाहेर” एवढंच लिहीत जा, पैसे जागचे हलवू नका. वर्षाने स्वतःच ताळा करा.

निवृत्तीच्या दिवशीही वेळ साधण्याचा प्रश्न पुन्हा येईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. ५८ ला नोकरी संपली म्हणून एनपीएसचे पैसे त्याच महिन्यात काढलेच पाहिजेत असं नाही, खातं पुढे चालू ठेवता येतं. त्या वर्षी बाजार पडलेला असेल तर थांबा, पीएफवर घर चालवा. एकरकमी मिळणारा भागही एकदम न घेता सिस्टिमॅटिक लंपसम विथड्रॉवलने दरमहा किंवा दर तिमाहीला घेता येतो, म्हणजे सगळी विक्री एका भावाला होत नाही. पीएफची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकता येते. निवृत्त झालेल्याला तिथे ५५ पासून प्रवेश आहे आणि मर्यादा ३० लाख. ८.२ टक्के दर धरला तर २८ लाखांवर तिमाहीला ५७,४०० रुपये हातात येतात आणि पाच वर्षं मुद्दल शाबूत राहतं. दर सरकार तिमाहीला ठरवतं, पण तुम्ही पैसे टाकले त्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही.

शेवटी तुम्ही न विचारलेली, पण आम्हाला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट. तुम्हाला भीती शेअर बाजाराची वाटते, आणि पतसंस्थेतल्या पाच लाखांचा उल्लेख मात्र सहज येऊन गेला आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, व्याजासह पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. ई फंड ४० टक्के पडला तरी कंपन्या जागेवर असतात आणि युनिट तुमच्या नावावर राहतात. पतसंस्था बंद पडली तर पावतीच हातात राहते. बीड आणि संभाजीनगरात गेल्या काही वर्षांत ठेवीदारांच्या रांगा लागल्या, त्या तुम्ही पाहिल्या असतील. पावती काढून तिची मुदत कधी संपते ते आजच बघा. मुदतीला आपोआप नूतनीकरणाची सूचना दिलेली असेल तर ती लेखी रद्द करा आणि त्या अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. मुदत वर्षभराहून लांब असेल तर मुदतपूर्व काढल्यास व्याज किती कापलं जातं ते विचारा. एक-दोन टक्के गेले तरी काढून घ्या आणि बँकेत ठेवा. तुमच्या सध्याच्या बँकेत आधीच ४ लाख आहेत, म्हणून हे ५ लाख दुसऱ्या बँकेत ठेवा. व्याज धरून रक्कम पाच लाखांच्या वर जाऊ नये म्हणून ठेव साडेचार लाखांचीच करा आणि उरलेले ५० हजार पोस्टात टाका.